पेन उचलण्याआधी

मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीला तृतीय भाषा म्हणून जे इंग्रजी असतं, त्याच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 45 गुण काहीतरी वाचून मिळवायचे असतात. पुस्तकातले दोन उतारे 20 गुणांचे, कविता 10 गुणांची, पुस्तकाबाहेरचा उतारा 10 गुणांचा आणि त्याचाच सारांश 5 गुणांचा. व्याकरण, पत्र, संवाद, बातमी, भाषांतर या सगळ्यांना मिळून उरतात 35. तरी जानेवारी उजाडला की पत्रांचे नमुने पाठ करणं जोरात सुरू होतं आणि उतारा मागे पडतो. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याची तर तयारीच करता येत नाही, अशी मुलांची खात्री असते. जे आधी कधी बघितलेलंच नाही, त्याचा अभ्यास कशातून करायचा?

मी मुंबईत, गिरणगावातल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवते. दिवसा त्याच इमारतीत दुसरी शाळा भरते, संध्याकाळी साडेसहाला आमची. बाकं लहान मुलांच्या मापाची, त्यांत पाय दुमडून मोठी माणसं बसतात. कुरिअर पोचवणारे, लिफ्टमन, कॅन्टीनमधले पोरगे, घरकाम करणाऱ्या बायका, पोळी-भाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटून आलेल्या ताई. आमचे निवृत्त झालेले एक सर सांगायचे की 1982 च्या संपाआधी या बाकांवर गिरणीतले बदली कामगार असायचे. आता त्याच गिरण्यांच्या जागी झालेल्या मॉलच्या दारात उभी राहणारी मुलं असतात. इंग्रजीचा तास बहुतेक वेळा शेवटी येतो. साडेआठ वाजलेले असतात, डोळे जड झालेले असतात, काही जणांनी सकाळपासून नीट जेवलेलंही नसतं. अशा वेळी फळ्यावर उतारा लिहून चालत नाही. त्याची झेरॉक्स हातात द्यावी लागते. वाचताना कागदाला हात लागलेला बरा असतो.

आमच्याकडे येणारे बरेच जण दिवसाची शाळा मध्येच सुटलेले, नाहीतर दहावीला इंग्रजीतच अडकलेले. त्यांना उताऱ्याची एक युक्ती कुणीतरी शिकवून ठेवलेली असते. प्रश्नातला शब्द पकडायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते बघायचं आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढायचं. ही युक्ती खोटी नाही. उताऱ्यावर पाच कृती असतात, प्रत्येकी 2 गुणांच्या. पहिली सरळ माहितीची, दुसरी थोडा विचार करून शोधायच्या माहितीची, तिसरी शब्दसंग्रहाची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी स्वतःच्या मताची. ही युक्ती पहिल्या कृतीपर्यंत साथ देते. दुसऱ्या कृतीला ती तोंडघशी पाडते, कारण तिथे प्रश्नातले शब्द मुद्दाम बदललेले असतात.

मी एकदा उताऱ्यात एक साधं वाक्य घातलं होतं. शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत मालकाने दुकान बंद केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाली चूक की बरोबर अशी कृती दिली : गिऱ्हाइकं आत असतानाच मालकाने दुकान बंद केलं. निम्म्याहून जास्त वर्गाने ‘बरोबर’ लिहिलं. ‘क्लोज्ड’ सापडला, ‘कस्टमर’ सापडला, काम झालं. मधल्या ‘नॉट’ आणि ‘अन्टिल’कडे कुणी थांबलंच नाही. हे दोन्ही शब्द सगळ्यांना येत होते. अडलं असेल म्हणून मी आधी फळ्यावर ज्याचा अर्थ लिहून दिला होता, तो भलताच कुठला तरी मोठा शब्द होता.

उताऱ्याचा सराव घेताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. मुलं अवघड शब्दापाशी अडतात, पण घसरतात ती सोप्या शब्दांवर. बट, अनलेस, विदाउट, हार्डली, ओन्ली, टिल. आणि त्यांच्याही आधी इट आणि दे. मोठा शब्द आला नाही तरी वाक्याचा साधारण अंदाज येतो. हे बारके शब्द निसटले की वाक्य उलटं होऊन बसतं, आणि ते उलटं झालंय हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

मॉलमध्ये सिक्युरिटीला असलेला एक मुलगा वर्गात होता. उताऱ्यात एक माणूस छत्री न घेता घराबाहेर पडतो. याने लिहिलं, तो छत्री घेऊन गेला. मी त्याला विचारलं, “तुझ्या मागच्या गेटवर काय पाटी आहे?” त्याने लगेच म्हणून दाखवली : नो एन्ट्री विदाउट गेट पास. “म्हणजे काय?” “पास नसला तर सोडायचं नाही.” “मग इथे?” त्याने पुन्हा उतारा बघितला, विदाउटवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, तिथे चुकलो तर नोकरी जाते.”

त्याचं बोलणं मी मनावर घेतलं. इंग्रजी वाचता येत नाही असं स्वतःबद्दल सांगणारी ही माणसं दिवसभर इंग्रजीच वाचत असतात. पार्सलवरचे पत्ते, बिलं, गॅसच्या शेगडीवरच्या सूचना, औषधाच्या पट्ट्या, मालकाचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, बँकेचे मेसेज. आणि ते बरोबर वाचतात, कारण त्यांना त्या मजकुरातून काहीतरी हवं असतं. पत्ता चुकला तर जिना पुन्हा चढावा लागतो. उताऱ्यातून मात्र त्यांना काहीच नको असतं. उताऱ्याला काहीतरी विचारायचं असतं परीक्षकाला, आणि हे मधल्यामध्ये अडकलेले. दुसऱ्याच्या प्रश्नासाठी वाचताना माणूस शब्द शोधतो. स्वतःला काही विचारायचं असलं की तो बट आणि विदाउटही वाचतो.

म्हणून आमच्या सरावात प्रश्न आधी मिळत नाहीत. नुसता उतारा मिळतो आणि पेनं दप्तरात जातात. पहिली दहा मिनिटं मूकवाचन. प्राथमिक शाळेत मराठीच्या तासाला आपण सगळ्यांनी ते केलेलं असतं, पण इंग्रजीच्या तासाला क्वचितच कुणी करतं. तिथे रीत अशी की एकाने एक ओळ मोठ्याने वाचायची, शिक्षकांनी तिचं मराठी सांगायचं, मुलांनी ते पेन्सिलने ओळीच्या वर लिहायचं. अशी पुस्तकं मी पुष्कळ बघितली आहेत. पानभर मराठी गिचमिड, एकेका शब्दाच्या डोक्यावर त्याचा अर्थ, आणि शेवटी “गोष्ट काय झाली?” असं विचारलं तर सगळे गप्प. मोठ्याने वाचणाऱ्याचं सगळं लक्ष उच्चार चुकू नये याकडे असतं. बाकीच्यांचं, आपली ओळ कधी येते याकडे.

मूकवाचन सुरुवातीला जड जातं. पंखा करकरत असतो, खालून भजनी मंडळाच्या टाळांचा आवाज येतो, कुणाच्या तरी खिशात फोन थरथरतो. दोन-तीन मिनिटांत माना वर होतात : “झालं, बाई.” झालेलं नसतं. डोळे शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेले असतात, एवढंच. मग मी एकच काम देते. प्रत्येक वाक्यात आधी कोण ते शोधा, मग काय केलं ते, आणि तिथे नखाने खूण करा. पुढचं सगळं नंतर.

हे काम मराठी वाचणाऱ्याला मुद्दाम करावं लागतं. आपण म्हणतो, काल संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत एका म्हाताऱ्या बाईचं पाकीट पडलं. काय झालं ते आपल्याला शेवटी कळतं आणि तोपर्यंत थांबून राहायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत ती बाई आणि तिचं पाकीट पडणं सुरुवातीलाच येऊन जातं. पूल, गर्दी, संध्याकाळ मागाहून येत राहतात. आमची मुलं सवयीने वाक्याच्या शेवटापर्यंत मुख्य गोष्टीची वाट बघतात, आणि ती तर केव्हाच मागे गेलेली असते. नखाची खूण बसायला लागली की लांबलचक वाक्याची भीती कमी होते. कुणी सांगितलेलं नसताना मुलं म्हणायला लागतात, “बाई, यात काम एवढंच आहे, बाकीचं कुठे-कधी-कसं आहे.”

शब्दांबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुंबईत काम करणाऱ्या माणसाला इंग्रजी शब्द कमी येतात, हे खरं नाही. शेड्यूल, रिसीट, ओव्हरटाइम, कम्प्लेंट, गॅरंटी, बॅलन्स, इन्स्टॉलमेंट हे सगळे शब्द त्यांच्या बोलण्यात असतात. फक्त ते छापलेले दिसले की ओळखू येत नाहीत. रिसीटच्या स्पेलिंगमध्ये ‘पी’ असतो, शेड्यूलच्या स्पेलिंगमध्ये ‘सी’ आणि ‘एच’ दोन्ही. वाचणारा अक्षरं जोडत जातो, भलताच उच्चार तयार होतो आणि रोजच्या तोंडातला शब्द परका होऊन बसतो. म्हणून मूकवाचन झालं की मी सगळा उतारा एकदा सावकाश वाचून दाखवते. मराठी सांगत नाही, नुसतं वाचते. वर्गात ठिकठिकाणी “हां, हे होय” असं ऐकू येतं. त्या वेळी जे शब्द ओळखीचे निघतात, त्यांना शब्दार्थ लिहायची गरजच उरत नाही.

उतारे शक्यतो मीच लिहिते. अपेक्षित प्रश्नसंचांतले उतारे वाईट नसतात, पण पेंग्विन पक्षी, शिस्तीचं महत्त्व, वृक्षारोपण यांच्यापुढे ते सहसा जात नाहीत. एकदा मुंबईच्या ट्रामवर बारा-चौदा ओळींचा उतारा केला. 1874 साली मुंबईत ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढायचे. 1907 मध्ये विजेची ट्राम आली. पुढे बस आणि लोकल वाढल्या, रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि 31 मार्च 1964 च्या रात्री दहाला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरच्या ट्राम टर्मिनसकडे निघाली. मधे एक वाक्य मुद्दाम ठेवलं होतं, त्याची सुरुवात ‘दे’ने होती : त्यांची जागा विजेवरच्या गाड्यांनी घेतली. कोणाची? उताऱ्यात आधी घोडे आले होते, घोड्यांच्या ट्राम आल्या होत्या आणि प्रवासीही. काही जणांनी प्रवासी धरले. त्यावरून भांडण जुंपलं. कॅन्टीनमधला पोरगा तावातावाने म्हणाला, “प्रवाशांच्या जागी गाडी कशी येईल? प्रवासी तर गाडीत बसणार!” कुठल्याही गाईडात सर्वनामावर इतकं चांगलं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही.

त्याच तासाला, मूकवाचन चालू असताना, पोळी-भाजी केंद्रातल्या ताई एकदम मोठ्याने बोलल्या, “अय्या, म्हणजे टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस होय!” त्या गेली कित्येक वर्षं रोज दादर टीटीला उतरतात. टीटी कशाचं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. उताऱ्यावर तसा प्रश्नही नव्हता, कारण प्रश्न अजून दिलेलेच नव्हते. पण इंग्रजीत छापलेल्या मजकुरातून आपल्या रोजच्या जागेबद्दलची, आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना कळली. कुणीही मराठी करून न सांगता कळली. दुसऱ्या दिवशी त्या सासूबाईंना विचारून आल्या. सासूबाई लहानपणी ट्राममध्ये बसल्या होत्या. मग उताऱ्यात काय काय नाही याची ताईंनी यादीच केली : तिकीट किती होतं, बायकांना वेगळी जागा होती का, ट्राम बंद झाल्यावर त्यातल्या माणसांच्या नोकऱ्यांचं काय झालं. शेवटचा प्रश्न वर्गातल्या सगळ्यांचाच होता.

प्रश्न काढायचं काम मग मी वर्गालाच देऊन टाकलं. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाने बोर्डाच्या पद्धतीने पाच कृती तयार करायच्या आणि दुसऱ्या गटाला सोडवायला द्यायच्या. परीक्षेच्या दृष्टीनेही हे फार उपयोगाचं ठरलं. दुसऱ्याला चकवण्यासाठी चूक-बरोबरचं विधान तयार करायचं, तर ‘ओन्ली’ कुठे घालायचा, ‘नॉट’ कुठून काढायचा हे आपसूक शोधलं जातं. एकदा स्वतः सापळा लावला की दुसऱ्याने लावलेला ओळखता येतो. लिफ्टमन असलेले एक काका, त्यांना सगळे दादा म्हणायचे, इतकी बिकट विधानं काढायचे की त्यांचा कागद आपल्याकडे येऊ नये म्हणून बाकीचे गट आधीच कुरकुर करायचे.

पाचव्या कृतीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण तिथले गुण आमची मुलं निव्वळ गैरसमजापोटी सोडून येतात. तीन उताऱ्यांच्या मिळून 6 गुणांच्या या कृती. ‘तुम्हांला काय वाटतं’, ‘तुम्ही काय कराल’ अशा. त्याचं उत्तर उताऱ्यात सापडत नाही म्हणून मुलं जागा कोरी ठेवतात. उत्तर उताऱ्यात नसतंच, ते तुमच्याकडे असतं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ज्या माणसाने चौदाव्या वर्षापासून कमवून घर चालवलंय, त्याच्याकडे मत नाही असं कसं होईल? अडचण असते ती मताला इंग्रजीत बसवण्याची. आम्ही आधी मराठीत बोलतो, मग त्यातली तीन वाक्यं निवडतो, आणि तीही इतकी छोटी करतो की व्याकरण मोडायला जागा उरू नये. मुंबईत ट्राम परत यावी का, यावर कुरिअरवाल्या मुलाने लिहिलं : “नो. द रोड इज स्मॉल. माय बाइक विल नॉट गो.” मत आहे, कारण आहे, स्वतःचा अनुभव आहे. मी पूर्ण गुण दिले. गाईडातून पाठ केलेलं, पर्यावरणावरचं आठ ओळींचं उत्तर मला याच्याहून वरचं वाटत नाही.

मार्च 2019 ची परीक्षा आमच्या कुणाच्याच विस्मरणात जाणार नाही. नव्या अभ्यासक्रमाचं ते पहिलं वर्ष. भाषांची तोंडी परीक्षेची 20 गुणांची सोय त्या वर्षी काढून टाकली होती आणि लेखी पेपर 100 गुणांचा झाला होता. आदल्या वर्षी 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी तोंडीचे गुण परत आले आणि ते यायलाच हवे होते. बोलणं ही भाषाच आहे आणि माझे विद्यार्थी बोलण्यात कमी नाहीत. पण त्या वर्षीचे नापास झालेले पेपर आठवले की अजूनही वाईट वाटतं. ज्यांना वाचायची थोडी जरी सवय लागली होती, ते 35 च्या पलीकडे कसेबसे पोचले. ज्यांनी फक्त पत्रं आणि निबंध पाठ केले होते, त्यांच्या हाताशी काही राहिलं नाही.

बोर्डाच्या एका निर्णयाबद्दल मला राहून राहून वाटतं. पूर्वी पेपर अकराला सुरू व्हायचा, पण प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. ती दहा मिनिटं नुसती वाचण्यासाठी होती. प्रश्नपत्रिकेचे फोटो मोबाइलवर फिरू लागल्यामुळे 2023 पासून ती आधी देणं बंद झालं आणि ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी जोडली. कारण रास्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सावकाश वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं सारखी नाहीत. सुरुवातीला पेन चालवायची मुभा नसायची, त्यामुळे तो वाचायचाच. शेवटच्या दहा मिनिटांत कुणी वाचत नाही, सगळे हाताला येईल ते लिहीत सुटतात. प्रश्नपत्रिका अकरालाच द्या, पण पहिल्या दहा मिनिटांत लिहायला मनाई ठेवा आणि पेपर आत्तासारखाच दोन वाजून दहा मिनिटांनी संपवा, असं झालं तर फोटो फिरायचा धोका वाढत नाही आणि वाचायला वेळही मिळतो.

तोवर ही दहा मिनिटं आम्ही आमचीच काढून घेतो. सरावाला आणि पूर्वपरीक्षेला, झेरॉक्स वाटली की पेन बाकावर आडवं. पुस्तकाबाहेरचा उतारा शेवटी ठेवायचा नाही, पहिला भाषाभ्यासाचा प्रश्न झाला की लगेच त्याला हात घालायचा, डोकं ताजं असताना. आधी अख्खा उतारा, मग प्रश्न, मग पुन्हा उतारा, आणि तेव्हा कुठे पेन. सगळ्यांना हे पटतं असं नाही. शेजारचा भराभर लिहितोय आणि आपण नुसते बघत बसलोय, ही भावना परीक्षेच्या हॉलमध्ये फार छळते. कुरिअरवाल्या मुलाने पेपर झाल्यावर येऊन सांगितलं की तो उतारा वाचत असताना सुपरवायझर त्याच्या बाकापाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, “काय रे, लिहीत का नाहीस? येत नाही का?” तो म्हणाला, “येतं, सर. आधी वाचतोय.”